पगाराची बोलणी आणि मागील पगाराचे ओझे

खासगी क्षेत्रातील नोकरीचा पगार हा सहसा आधीपासून ठरलेला एकच आकडा नसतो. त्या पदासाठी कंपनीने एक पट्टा आखलेला असतो, आणि मनुष्यबळ विभागाला, म्हणजे रोजच्या भाषेत एचआरला, त्या पट्ट्याच्या वरच्या टोकापर्यंत जाण्याची मुभा असली तरी ती उमेदवाराला आपणहून सांगितली जात नाही. उमेदवाराच्या मनातही एक किमान आकडा असतो, ज्याच्या खाली नोकरी स्वीकारणे त्याला परवडणार नसते, आणि तोही उघड केला जात नाही. या दोन अदृश्य मर्यादांच्या मधल्या जागेत पगार ठरतो. त्या जागेतील कोणता बिंदू पक्का होईल हे उमेदवाराच्या वाक्चातुर्यावर अवलंबून असते असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात वाक्चातुर्याचा वाटा अल्प असतो, आणि दोन्ही बाजूंना उपलब्ध असलेली माहिती, बोलणी फिसकटल्यास प्रत्येकाच्या हाती उरणारा पर्याय आणि चर्चेची सुरुवात कोणत्या आकड्यापासून झाली, या तीन गोष्टींवर निकाल बराचसा अवलंबून असतो.

यांपैकी पर्यायाचे महत्त्व अर्थशास्त्राला फार पूर्वीच उमगले होते. ॲडम स्मिथने १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द वेल्थ ऑफ नेशन्स’ या ग्रंथात वेतनाच्या वादाचे विवेचन करताना दाखवून दिले की मालक अधिक काळ तग धरू शकतो, कारण त्याच्यापाशी साठवलेले भांडवल असते, तर अनेक मजुरांना कामाविना एक आठवडा काढणेही जड जाते. अमेरिकन गणितज्ञ जॉन नॅश याने १९५० साली याच प्रश्नाला गणिती रूप दिले. त्याच्या मांडणीत, सौदा न झाल्यास प्रत्येक पक्षाला जे मिळणार असते तो बिंदू आधी धरला जातो, आणि त्या बिंदूच्या वर दोघांना होणाऱ्या लाभांचा गुणाकार जिथे सर्वाधिक होतो तिथे तडजोड ठरते. म्हणजेच ज्याची सौद्याविनाची स्थिती सुधारते, त्याच्या बाजूला तडजोडही सरकते. रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांनी १९८१ सालच्या ‘गेटिंग टू येस’ या पुस्तकात हाच विचार व्यवहाराच्या भाषेत आणला आणि करार न झाल्यास उरणारा सर्वोत्तम पर्याय ओळखणे व तो सुधारणे ही बोलणीची खरी तयारी मानली.

भारतीय नोकरदाराच्या संदर्भात या तत्त्वाचे रूप अगदी ठोस असते. दुसऱ्या कंपनीचे लेखी ऑफर लेटर हाती असणे, सध्याची नोकरी चालू असणे, आणि घराचा हप्ता व घरखर्च धरून पाच-सहा महिने निभावतील इतकी शिल्लक बँकेत असणे, या तिन्ही गोष्टी बोलणीच्या खोलीत एक शब्दही न उच्चारता उमेदवाराच्या बाजूने काम करतात. उलट, नवी नोकरी पक्की होण्याआधीच राजीनामा देऊन बसलेल्या आणि ९० दिवसांच्या नोटीस पीरियडचे दिवस मोजत असलेल्या माणसाचा किमान आकडा दर आठवड्याला खाली येत जातो, आणि समोरच्या अनुभवी भरती अधिकाऱ्याला त्याच्या शेवटच्या दिवसाची तारीख ठाऊक असली की ही घसरणही कळून येते. येथे एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे की नोटीस पीरियडचा उलटा उपयोगही होतो: ज्या कंपनीला माणूस तातडीने हवा असतो, तिला ३० दिवसांत रुजू होऊ शकणारा उमेदवार अधिक मोलाचा वाटतो.

दुसरी गोष्ट, म्हणजे सुरुवातीचा आकडा, हिचा प्रभाव मानसशास्त्राने प्रयोगांनी सिद्ध केला आहे. अमोस ट्वेर्स्की आणि डॅनियल कानेमन यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात एका प्रयोगाचे वर्णन आहे: सहभागी व्यक्तींसमोर आकड्यांचे चक्र फिरवले जाई, आणि मग संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकी देशांचे प्रमाण किती टक्के आहे असे विचारले जाई. ज्यांच्यासमोर चक्र १० वर थांबले त्यांच्या अंदाजांचा मध्य २५ टक्के आला, ज्यांच्यासमोर ते ६५ वर थांबले त्यांचा ४५ टक्के. चक्रावरील आकड्याचा प्रश्नाशी काडीचाही संबंध नसताना मन त्या आकड्याला धरून राहिले आणि तेथून पुरेसे दूर सरकू शकले नाही. या प्रवृत्तीला नांगराचा परिणाम म्हणतात. ॲडम गॅलिन्स्की आणि थॉमस मुसवायलर यांनी २००१ साली दाखवले की वाटाघाटीतील पहिला प्रस्तावही असाच नांगर ठरतो आणि अंतिम तडजोड त्याच्याकडे ओढली जाते.

भारतातील नोकरभरतीत हा नांगर बहुतेक वेळा आधीच टाकलेला असतो, आणि या विषयाचा खरा गाभा येथेच आहे. मुलाखतीच्या पहिल्याच फोनवर, कधी अर्जाच्या फॉर्मवरच, ‘सध्याचा सीटीसी किती आणि अपेक्षित किती’ हे दोन प्रश्न येतात, मागील तीन महिन्यांच्या पगारपावत्या मागितल्या जातात, आणि पुढची सारी चर्चा सध्याच्या पगारावर किती टक्के वाढ द्यायची याच चौकटीत होते. वरवर पाहता ही पद्धत न्याय्य वाटते, कारण प्रत्येकाला त्याच्या आधीच्या स्थितीपेक्षा चांगले मिळते. पण पाच लाख रुपये वार्षिक पगार असलेल्या आणि आठ लाख असलेल्या दोन उमेदवारांना एकाच पदासाठी प्रत्येकी ३० टक्के वाढ दिली, तर एकाला साडेसहा लाख मिळतात आणि दुसऱ्याला दहा लाख चाळीस हजार. काम तेच, खुर्चीही तीच, आणि फरक तीन लाखांवरून जवळजवळ चार लाखांवर गेलेला. पहिल्या उमेदवाराने मंदीच्या वर्षी पदवी घेतलेली असेल, लहान गावातील कंपनीत सुरुवात केलेली असेल, किंवा आजारी आईवडिलांच्या शुश्रूषेसाठी वर्षभर घरी राहून मग मिळेल ती नोकरी धरलेली असेल. त्या एका प्रसंगाची किंमत तो पुढच्या प्रत्येक नोकरीत व्याजासह मोजत राहतो.

म्हणून उमेदवाराचे पहिले काम चर्चेचा आधार मागील पगारावरून पदाच्या बाजारमूल्यावर आणणे हे होय. सध्याचा पगार विचारला गेला की, त्या पदाच्या जबाबदाऱ्या ऐकल्यानंतर आणि अशा कामाला शहरात जो मोबदला मिळतो तो पाहिल्यानंतर अमुक ते अमुक या पट्ट्यात आपली अपेक्षा आहे, असे शांतपणे सांगता येते, आणि या पदासाठी ठरवलेला पट्टा काय आहे हे तितक्याच सहजपणे विचारता येते. तरीही आकड्याचा आग्रह धरला गेला तर तो खरा सांगावा. वाढवून सांगितलेला पगार पगारपावत्या, फॉर्म १६ आणि बँकेचे विवरण यांच्या पडताळणीत उघडा पडतो, आणि त्यावरून हाती आलेली ऑफर रद्द होण्याची वेळ येऊ शकते. मात्र खरा आकडा सांगतानाच तो कमी का आहे याचे एका वाक्यातील कारण जोडावे आणि लगेच अपेक्षित पट्ट्याचा पुनरुच्चार करावा, म्हणजे चर्चेत दोन आकडे राहतात आणि मागील आकडा एकटा राज्य करत नाही.

असा पट्टा सांगायचा तर तो माहितीवर उभा असावा लागतो. अर्थशास्त्रज्ञ ज्याला माहितीची विषमता म्हणतात, म्हणजे सौद्यातील एका पक्षाला दुसऱ्यापेक्षा बरेच अधिक ठाऊक असणे, तिचे पगाराची बोलणी हे नमुनेदार उदाहरण आहे: कंपनीकडे शेकडो कर्मचाऱ्यांच्या पगारांची नोंद आणि वेतन-सर्वेक्षणे असतात, तर उमेदवाराकडे बहुधा दोन मित्रांनी सांगितलेले आकडे. ॲम्बिशनबॉक्स किंवा ग्लासडोअर यांसारख्या संकेतस्थळांवरील आकडे उपयोगी असले तरी ते लोकांनी स्वतःहून भरलेले असतात आणि निश्चित व बदलता पगार त्यांत अनेकदा एकत्र मिसळलेला असतो, म्हणून ते दिशादर्शक समजावेत. त्याच पदावर नुकताच रुजू झालेला महाविद्यालयातील माजी विद्यार्थी किंवा त्या क्षेत्रात भरती करणारा सल्लागार यांच्याशी झालेले दहा मिनिटांचे संभाषण अधिक विश्वासार्ह ठरते. पगाराविषयी बोलणे असभ्य मानण्याची मध्यमवर्गीय मराठी घरांतील रीत येथे थेट तोट्याची आहे, कारण या मौनाचा लाभ फक्त ज्याच्याकडे सर्वांचे आकडे आहेत त्यालाच होतो. शेअर बाजारात नोंदणी असलेल्या कंपन्यांच्या बाबतीत आणखी एक उघड साधन आहे, ज्याकडे फारसे कोणी पाहत नाही: कंपनी कायदा २०१३ नुसार अशा कंपन्यांना संचालकांच्या मोबदल्याचे कर्मचाऱ्यांच्या मध्यम पगाराशी असलेले गुणोत्तर, आणि त्या मध्यम पगारात वर्षभरात झालेली टक्केवारीतील वाढ जाहीर करावी लागते. मध्यम पगार म्हणजे सर्व कर्मचाऱ्यांना पगाराच्या क्रमाने उभे केले असता मधोमध येणाऱ्याचा पगार.

आकडा कोणता बोलायचा हे ठरले तरी तो नेमका कशाचा आकडा आहे याविषयी मोठी गफलत होते. सीटीसी म्हणजे एका कर्मचाऱ्यापोटी कंपनीला वर्षाला येणारा एकूण खर्च. हातात पडणारा पगार त्याहून बराच कमी असतो. उदाहरणार्थ, वर्षाला १२ लाख रुपयांचे पॅकेज घेतले आणि त्यात बेसिक, म्हणजे मूळ वेतन, निम्मे म्हणजे ६ लाख धरले, तर कंपनीचा भविष्य निर्वाह निधीतील, म्हणजे पीएफमधील, १२ टक्के हिस्सा ७२,००० रुपये होतो. ग्रॅच्युइटीची तरतूद मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के धरतात, ती २८,८६० रुपये. कामगिरीवर अवलंबून असलेला व्हेरिएबल पगार १० टक्के म्हणजे १,२०,००० रुपये. आणि आरोग्यविम्याचा हप्ता समजा १५,००० रुपये. हे सारे वजा जाता उरतात ९,६४,१४० रुपये, ज्यातून कर्मचाऱ्याचा स्वतःचा पीएफ हिस्सा ७२,००० आणि महाराष्ट्रातील व्यवसाय कर २,५०० रुपये कापले जातात. २०२५-२६ साठीच्या नव्या करप्रणालीत एवढ्या पगारावर आयकर शून्य येतो असे धरले तरी महिन्याला हातात सुमारे ७४,००० रुपये पडतात, एक लाख नव्हे. पीएफचे पैसे अर्थातच कर्मचाऱ्याचेच असतात आणि ते पुढे मिळतात; ग्रॅच्युइटीसाठी मात्र १९७२ च्या कायद्याने साधारणतः पाच वर्षांच्या सलग सेवेची अट घातली, आणि दर दोन वर्षांनी नोकरी बदलणाऱ्या कायम कर्मचाऱ्याच्या दृष्टीने पॅकेजमधील ती रक्कम केवळ कागदावरच राहत आली. व्हेरिएबलच्या बाबतीत तर, मागील दोन-तीन वर्षांत प्रत्यक्षात किती टक्के दिला गेला, हा प्रश्न ऑफर स्वीकारण्यापूर्वी विचारलाच पाहिजे; तो विचारण्यात कोणताही उद्धटपणा नाही.

या रचनेवरून बोलणीचा पुढचा भाग स्पष्ट होतो. एचआरने ‘बजेटच एवढे आहे’ असे सांगितल्यावर पुष्कळ उमेदवार चर्चा संपली असे मानतात, परंतु एकूण रक्कम अडली असली तरी तिची घडण अडलेली नसते. व्हेरिएबलचा काही भाग निश्चित पगारात आणणे, नोटीस पीरियड विकत घेण्याचा खर्च नव्या कंपनीने उचलणे, सहा महिन्यांनी पगाराचा फेरआढावा घेतला जाईल असे ऑफर लेटरमध्ये लिहून घेणे, घरून काम करण्याचे दिवस, या सर्वांवर बोलता येते. जॉइनिंग बोनस मिळत असेल तर तो वर्षभरात नोकरी सोडल्यास परत करावा लागतो का, हे पाहणे आवश्यक असते. यांत सर्वांत दुर्लक्षित आणि बहुधा सर्वांत मौल्यवान गोष्ट म्हणजे ग्रेड, म्हणजे कंपनीच्या उतरंडीतील पायरी: तीच पुढील वेतनवाढीचा पट्टा, बोनसचे प्रमाण आणि बढतीचा काळ ठरवते, आणि रुजू झाल्यावर ती बदलून घेणे फार कठीण असते. ही सारी बोलणी निवड झाल्याचे कळल्यानंतर आणि होकार देण्यापूर्वीच्या थोड्या दिवसांत करायची असते, कारण त्या काळात कंपनीने इतर उमेदवारांना नकार देण्याची तयारी केलेली असते आणि तिला पुन्हा शोध सुरू करणे नकोसे असते. जे मान्य झाले ते लेखी यावे. फोनवरील आश्वासन देणारा अधिकारी सहा महिन्यांनी त्या कंपनीत असेलच असे नाही.

सुरुवातीच्या पगाराबाबत एवढा आग्रह का, हे एका साध्या हिशेबातून दिसते. एकाने ६ लाखांवर आणि दुसऱ्याने ६ लाख ६० हजारांवर नोकरी सुरू केली आणि दोघांनाही दरवर्षी ८ टक्के वाढ मिळत गेली, तर दहा वर्षांत दुसऱ्याच्या पदरात सुमारे ८ लाख ६९ हजार रुपये अधिक पडतात. हा फरक एका संभाषणातून आलेला असतो.

त्याच नोकरीत पगारवाढ मागणे हे याहून वेगळे आणि अधिक नाजूक काम आहे, कारण नाते पुढे चालायचे असते. येथे सर्वांत मोठी चूक वेळेची होते. बहुतेक कंपन्यांत वेतनवाढीची पत्रे एप्रिल ते जुलैच्या दरम्यान मिळतात, परंतु कोणत्या विभागाला किती रक्कम द्यायची हे त्याआधीच, आर्थिक वर्ष संपत असतानाच, ठरत आलेले असते. म्हणून आढाव्याच्या बैठकीत मागणी करणाऱ्याच्या वाट्याला आधीच वाटून झालेल्या रकमेवरची हळहळ येते. डिसेंबर-जानेवारीतच वरिष्ठांना भेटून, वर्षभरात कोणती कामे अंगावर घेतली, त्यांतून किती खर्च वाचला किंवा उत्पन्न आले, पदाच्या व्याख्येपलीकडे कोणती जबाबदारी वाढली, हे एका पानावर मांडून दिले, तर त्या वरिष्ठाला आपल्या वरच्यांसमोर बोलण्यासाठी सामग्री मिळते. वरिष्ठ हा या प्रसंगात प्रतिपक्ष नसून बहुधा वकील असतो, आणि वकिलाला कागद लागतात. घरखर्च वाढला, मुलांची फी वाढली, ही कारणे खरी आणि मानवी असली तरी कंपनीच्या हिशेबात त्यांना रकाना नसतो. दुसऱ्या कंपनीची ऑफर दाखवून वाढ मिळवता येते हेही खरे, पण ती दाखवायची असेल तर जाण्याची खरोखर तयारी असलीच पाहिजे, आणि थांबण्यासाठी दिलेल्या वाढीने, म्हणजे काउंटर ऑफरने, जाण्याची मूळ कारणे सुटतात का हे स्वतःशी तपासले पाहिजे.

सर्वांना मागणीची सारखीच मुभा असते असे मानणे चुकीचे ठरेल. लिंडा बॅबकॉक आणि सारा लॅशेव्हर यांच्या २००३ सालच्या ‘विमेन डोन्ट आस्क’ या पुस्तकातील एक निष्कर्ष बराच गाजला: अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातून पदव्युत्तर शिक्षण घेऊन बाहेर पडलेल्या पुरुषांपैकी ५७ टक्क्यांनी पहिल्या नोकरीत अधिक पगार मागितला होता, तर स्त्रियांपैकी केवळ ७ टक्क्यांनी. त्यावरून स्त्रियांनी धीटपणे मागावे असा सोपा उपदेश निघाला. परंतु हॅना रायली बोल्स, बॅबकॉक आणि लेई लाय यांच्या २००७ सालच्या प्रयोगांनी दाखवले की पगार मागणाऱ्या स्त्रीविषयी, तेच शब्द वापरणाऱ्या पुरुषापेक्षा, अधिक नापसंती निर्माण होते, म्हणजे स्त्रियांचे मौन हे अनेकदा भित्रेपणातून येत नसून परिस्थितीच्या अचूक जाणिवेतून येते. अँड्रियास लाइब्रांट आणि जॉन लिस्ट यांच्या संशोधनात तर, जाहिरातीतच ‘पगार चर्चेने ठरेल’ असे स्पष्ट लिहिले की मागणी करण्यातील स्त्री-पुरुष तफावत मिटत असल्याचे आढळले. दोष उमेदवाराच्या स्वभावात शोधण्याऐवजी नियम उघड करणे अधिक परिणामकारक ठरते, हे या निष्कर्षावरून दिसते, आणि प्रसूतीनंतर किंवा घरच्या जबाबदारीमुळे काही वर्षे थांबून नोकरीत परतणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत, ज्यांचा ‘मागील पगार’ अनेक वर्षांपूर्वीचा असतो, त्याचे महत्त्व अधिकच वाढते.

एकेकट्याने बोलणी करण्याला जागाच नसते अशीही क्षेत्रे आहेत. सरकारी सेवेत पगार वेतन आयोगाच्या तक्त्यावरून ठरतो. महाविद्यालयातून थेट होणाऱ्या मोठ्या भरतीत शेकडो नवपदवीधरांना एकच पॅकेज दिले जाते. आणि कंत्राटी कामगाराला तर नाही म्हणण्याचा पर्यायच बहुधा नसतो. अशा ठिकाणी ॲडम स्मिथने सांगितलेली विषमता एकट्याच्या तयारीने भरून निघत नाही, ती संघटनेनेच कमी होते, आणि मुंबईला याचा दीर्घ अनुभव आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांनी १८९० साली रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळवली, ती कोणा एका कामगाराने मागून मिळणारी नव्हती. बोलणी करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्नही तितकाच निर्णायक असतो: मुंबई औद्योगिक संबंध कायदा १९४६ नुसार गिरण्यांमध्ये मान्यताप्राप्त प्रतिनिधी संघटनेलाच वाटाघाटीचा अधिकार होता, आणि १९८२ सालच्या गिरणी संपात कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार उभे राहिले तेव्हा हा कायदा रद्द व्हावा ही संपाच्या मागण्यांपैकी एक होती.

मागील पगाराची साखळी तोडण्याचे काम काही देशांत आता कायद्याने हाती घेतले आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१६ साली केलेला आणि जुलै २०१८ पासून लागू झालेला कायदा मालकाला ऑफर देण्यापूर्वी उमेदवाराचा आधीचा पगार विचारण्यास मनाई करतो, आणि युरोपीय संघाच्या २०२३ सालच्या निर्देशाने हा प्रश्न विचारण्यास बंदी घालतानाच, पदाचा सुरुवातीचा पगार किंवा पट्टा उमेदवाराला आधीच कळवण्याचे बंधन घातले असून सदस्य देशांना ते आपल्या कायद्यात आणण्यासाठी जून २०२६ ची मुदत दिली आहे. भारतात वेतन संहिता २०१९ समान किंवा समान स्वरूपाच्या कामासाठी लिंगावरून पगारात भेद करण्यास मनाई करते, पण आधीचा पगार विचारण्यावर तिच्यात कोणतीही बंदी नाही, आणि जाहिरातीत पट्टा छापण्याची सक्तीही नाही. त्यामुळे ‘या पदासाठी ठरवलेला पट्टा काय आहे’ हा जो प्रश्न युरोपात उमेदवाराने न विचारताच मालकाने सोडवायचा आहे, तो पुण्याच्या हिंजवडीत किंवा ठाण्यात मुलाखतीला बसलेल्या उमेदवाराला अजून स्वतःच, आणि पहिल्याच फोनवर, विचारावा लागतो.